पाहुणे, पाहुणचार आणि हिशेब

कनेक्टिकटमध्ये घर घेतले तेव्हापासून आमच्या घराला मित्रमंडळी 'धर्मशाळा' म्हणतात. न्यूयॉर्क दोन तासांवर, बॉस्टन दोन तासांवर, त्यामुळे येणारा-जाणारा आमच्याकडे टेकतोच. पाहुण्यांचा कंटाळा आम्हा दोघांनाही नाही. पण एका पाहुणचाराची आठवण मात्र मला अजून टोचते. आज ती तुमच्यापुढे मांडतो, कारण आपल्यापैकी अनेकांनी असा पाहुणचार केला असेल.

2006 च्या उन्हाळ्यात माझ्या गावच्या नगरपालिकेचे सहा जणांचे शिष्टमंडळ अमेरिकेत आले. विषय होता घनकचरा व्यवस्थापन. मी तेव्हा मंडळाच्या कार्यकारिणीत होतो, शिवाय गाव माझे, त्यामुळे व्यवस्था ओघानेच माझ्याकडे आली. कचऱ्यापासून वीज करणाऱ्या एका प्रकल्पाची भेट ठरवली. तिथल्या इंजिनीयरने अर्धा दिवस राखून ठेवला, माहितीची पाने छापून आणली. आमची मंडळी पोचली, हेल्मेट घालून फोटो काढले आणि विसाव्या मिनिटाला मला प्रश्न आला, "साहेब, तो आऊटलेट मॉल किती वाजता बंद होतो?"

सहांपैकी एकच जण वहीत काही लिहीत होता. तो होता तरुण स्वच्छता निरीक्षक. ओला-सुका कचरा घरातच वेगळा करण्याची सवय लोकांना कशी लावलीत, हे त्याला विचारायचे होते. प्रश्न अर्धवट राहिला, कारण गाडीत बसलेले वरिष्ठ हॉर्न वाजवत होते. दुसऱ्या दिवशी नायगारा झाला. निघताना त्यांनी मंडळाच्या लेटरहेडवर एक पत्र मागितले, 'शिष्टमंडळाने प्रकल्पाची सखोल पाहणी केली' अशा अर्थाचे. मी ते दिले. पाहुण्याला नाही कसे म्हणायचे?

पुढच्या वर्षी गावी गेलो. आमच्या घरामागचा कचऱ्याचा ढीग तसाच धुमसत होता आणि आई खोकत होती. तीच आई दरवर्षी मार्चमध्ये रांगेत उभी राहून घरपट्टी भरत असे. म्हणजे नायगाऱ्याच्या बोटीचे भाडे थोडेसे तिनेही भरले होते. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ते हेच, आणि या वेळी हलवाई माझी आई होती.

माहितीचा अधिकार 2005 पासून लागू झाला होता. पण तो भारतीय नागरिकांचा. मी अमेरिकन नागरिकत्व घेतलेले, म्हणून धाकट्या भावाने दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून अर्ज केला. दौऱ्याचा अहवाल मागितला. उत्तर आले. त्यात अहवाल नव्हता. दौरा यशस्वी झाल्याचा पुरावा म्हणून एकच कागद जोडला होता, माझ्या सहीचे पत्र.

मंडळी, तो कागद हातात घेऊन मी ओसरीवर बराच वेळ बसलो. तोवर मी स्वतःला या प्रकरणातला नाराज प्रेक्षक समजत होतो. प्रत्यक्षात मी साक्षीदार होतो, आणि तोही खोटा.

परदेश दौरे बंदच करावेत, असे मात्र मला वाटत नाही. बडोद्याचे सयाजीराव महाराज 1906 साली अमेरिकेत आले. इथली सार्वजनिक वाचनालये त्यांच्या मनात भरली. 1910 साली त्यांनी विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बडोद्याला बोलावून घेतले. हे बॉर्डन आमच्याच राज्यातल्या न्यू हेवनचे! पुढे बडोद्याच्या खेड्यापाड्यांत वाचनालये निघाली, पेट्यांमधून फिरती पुस्तके जाऊ लागली. महाराजांना जाब विचारणारे कोणी नव्हते, तरी त्या प्रवासाचा हिशेब प्रजेला वाचायला मिळाला. आज जाब विचारायचा हक्क आहे, पण हिशेब कुठे आहे?

हा रोग फक्त आपल्याकडचा, असेही नाही. अमेरिकन काँग्रेसचे बॉब ने 2002 साली एका लॉबीवाल्याच्या मेहेरबानीवर गोल्फ खेळायला स्कॉटलंडला गेले. त्या आणि तसल्या प्रकरणांत 2006 साली त्यांनी गुन्हा कबूल केला आणि तुरुंगात गेले. त्यानंतर 2007 पासून प्रतिनिधीगृहाच्या सभासदांना खाजगी खर्चाच्या दौऱ्याला आधी परवानगी घ्यावी लागते आणि परतल्यावर पंधरा दिवसांत तपशील जाहीर करावा लागतो. भारतातही केंद्र सरकारने 2012 साली मंत्री आणि सहसचिव व त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यांच्या दौऱ्यांची माहिती आपणहून जाहीर करण्याचा आदेश काढला. त्यात दौऱ्याचे स्वरूप, ठिकाणे, कालावधी, माणसे आणि खर्च आले. चांगलेच झाले. पण 'काय शिकलात आणि त्याचे पुढे काय केलेत' हा रकाना तिथे नाही. खर्चाचा हिशेब कारकून तपासू शकतो. शिकल्याचा हिशेब गावालाच मागावा लागतो.

कोणी म्हणेल, एवढ्या मोठ्या कारभारात सहा विमान तिकिटांचे ते काय! पण कर हा काही आपण हौसेने दिलेला आहेर नव्हे. तो सक्तीने घेतला जातो, म्हणून घेणाऱ्याची जबाबदारी जास्त.

आणि 'अतिथी देवो भव'? त्यावर मी पुष्कळ विचार केला. स्वतःच्या पैशाने येणारा माझा पाहुणा आहे. त्याला नायगारा दाखवीन, पुरणपोळीही खाऊ घालीन. पण जो गावाच्या पैशाने येतो, तो गावाने कामावर पाठवलेला माणूस आहे. त्याला जेवू घालणे हा माझा धर्म आहेच, पण त्याच्यासाठी खोटे लिहिणे हा माझ्या गावाशी द्रोह आहे.

त्यानंतर असे शिष्टमंडळ आले की मी आनंदाने गाडी काढतो. फक्त आधी कार्यक्रम लेखी मागतो आणि पत्र मागितले तर जे पाहिले तेवढेच लिहितो, वीस मिनिटे असतील तर वीस मिनिटे. काही जण रागावले, काहींनी पत्र मागितलेच नाही. त्या स्वच्छता निरीक्षकाचा अर्धा प्रश्न मात्र मी नंतर इंजिनीयरला विचारला आणि आलेले उत्तर मराठीत लिहून त्याला पाठवले. त्या दौऱ्याचा माझ्याकडून दिलेला खरा हिशेब तेवढाच.