वरून येणारा हात

पाटण तालुक्यातल्या एका डोंगरवाडीत निवृत्त होऊन परतलेल्या एका गुरुजींनी आठवडी बाजारातून सहा गावठी तलंगा आणल्या. विकणाऱ्यानं त्या पाय बांधून उलट्या टांगल्या होत्या. आपल्याकडे कोंबडी अशीच नेतात. उलटं टांगलं की तिला श्वास घेणंसुद्धा जड जातं, म्हणून ही रीत खरंच बंद व्हायला हवी. गुरुजींनाही ते पाहवलं नाही. त्यांनी पाय सोडवले, तलंगा डालग्यात घातल्या आणि डालगं एसटीत मांडीवर धरून घरी आणलं.

गुरुजी प्रेमळ होते, आणि त्यांचं प्रेम मोठ्या आवाजाचं होतं. शाळेत मागच्या बाकावर दबून बसलेलं पोर दिसलं की ते त्याला मानेला धरून पुढे आणायचे, डोक्यावर थोपटायचे आणि सगळ्यांसमोर पाढे म्हणायला लावायचे. पोराची भीड मोडावी एवढाच त्यांचा हेतू असायचा. शेजारचा संपत चौथीत होता. तो घरी बोलायचा, पण शाळेत ओठ मिटून बसायचा. गुरुजी अंगणात दिसले की तो मागच्या वाटेनं जायचा, कारण समोर आला की गुरुजी हाक मारायचे, "काय रे संपत, सतराचा पाढा म्हण बघू!"

त्या संध्याकाळी गुरुजींनी अंगणात डालगं उघडलं आणि सहा तलंगा सहा दिशांना उधळल्या. गुरुजी आणि वाडीतली पोरं त्यांच्यामागे धावली. दोघी घाणेरीच्या जाळीत शिरल्या, एकीची शेपटीची पिसं पोरांच्या हातात राहिली. तेवढ्यात शेजारच्या अनुसाक्का आल्या.

"आवं गुरुजी, थांबवा ती पळापळ. दिवेलागण हुंद्या. कोंबडीला अंधारात दिसत न्हाई, मग ती हलत न्हाई."

अंधार पडल्यावर अनुसाक्कांनी जाळीत हात घातला, दोन्ही तळव्यांत पंख मिटून धरत एकेक तलंग उचलली आणि खुराड्यातल्या आडव्या काठीवर ठेवली. एकीनंही आवाज केला नाही.

दुसऱ्या दिवसापासून गुरुजींनी जवळीक सुरू केली. ते खुराड्याचं दार उघडायचे, वाकायचे, आत हात घालून एकीला बाहेर काढायचे आणि पाठीवरून हात फिरवायचे. तलंगा कोपऱ्यात एकमेकींवर चढायच्या. त्यातल्या वाकड्या बोटाच्या करड्या तलंगीनं तर दाणा खाणंच सोडलं. गुरुजी मनापासून दुखावले. स्वतःच्या हातानं कण्या घालायच्या, पाणी बदलायचं, राखेचा ढीग करून द्यायचा, आणि तरी आपण दिसलो की यांचा थरकाप!

अनुसाक्का कुंपणापलीकडून हे बघत होत्या. एक दिवस त्या येऊन ओट्यावर टेकल्या.

"गुरुजी, कोंबडीच्या अंगावर वरनं काय येतं?"

"वरून? घार येते."

"मग तुमचा हात कुठनं येतोय?"

गुरुजी काही बोलले नाहीत.

कोंबडीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. एका डोळ्यानं ती दाणा शोधते, तेव्हा दुसऱ्यानं आभाळ राखते. घार दिसली तर कोंबडीचा इशारा एक असतो आणि जमिनीवरून मुंगूस किंवा रानमांजर आलं तर दुसरा. प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्यांनी हे आवाज ध्वनिमुद्रित करून वेगळे दाखवले आहेत. पहिला इशारा ऐकला की सगळ्या जमिनीला चिकटतात किंवा झुडपाखाली पळतात, दुसरा ऐकला की माना ताठ करून बघायला लागतात. जिच्या रक्तात आभाळाची ही भीती भिनली आहे, तिच्या पाठीवर वरून पडणारा हात मायेचा आहे हे तिला कुणी सांगायचं?

"आता आठवडाभर दार उघडू नगा," अनुसाक्का म्हणाल्या. "हेच आपलं घर, हे त्यास्नी कळू द्या. मग सोडल्यावर सांजच्याला आपसूक माघारी येत्याल. आणि तुम्ही उभं ऱ्हाऊ नगा. खाली बसा. तुमचं तुमचं काम करा. दाणा टाका, पर त्यांच्याकडं बघत बसू नगा. मागायचं काय न्हाई."

त्या उठताना आणखी एक सांगून गेल्या. नव्या तलंगा दोन-तीन आठवडे अनुसाक्कांच्या कोंबड्यांत मिसळू द्यायच्या नाहीत, कारण बाजारातून रोग कधी येतो ते कळत नाही.

गुरुजींचा सगळा जन्म वर्गासमोर उभं राहण्यात गेला होता. आता ते खुराड्यापुढे पोतं टाकून जमिनीवर बसू लागले. कधी तांदूळ निवडायचे, कधी वर्तमानपत्र वाचायचे. मूठभर कण्या जाळीशी टाकताना रोज एकाच सुरात "आ... आ... आ..." म्हणायचे. सुरुवातीला तलंगा दूर राहिल्या. मग ते बसलेले असतानाच दाणे टिपू लागल्या. आठवड्यानं दार उघडलं, तेव्हा त्या दबकत बाहेर आल्या, परस उकरलं, राखेत अंग घोळलं आणि सूर्य कलला तशा आपापल्या काठीवर जाऊन बसल्या.

खाली बसल्यावर गुरुजींना एरवी न दिसणाऱ्या गोष्टी दिसू लागल्या. तांबडी तलंग सगळ्यांना टोचते आणि करडीला सगळ्या टोचतात. त्यामुळे दाणा टाकला की करडीपर्यंत तो पोचतच नाही. कळपातली ही टोचण्याची उतरंड थोर्लीफ श्येल्डरुप-एब्बे या नॉर्वेच्या अभ्यासकानं 1921 च्या सुमारास मांडली. तोही लहानपणापासून कोंबड्यांच्या सोबतीत बसून त्यांना बघत आला होता. गुरुजींनी करडीसाठी दुसरं भांडं लांब, घमेल्याच्या आडोशाला ठेवलं. पहिल्यांदा त्यांच्या हातातला दाणा खाल्ला तो या करडीनंच. तिनं तळव्यावर टोचलं, मागे उडी मारली आणि पुन्हा आली. गुरुजींनी हात हलवला नाही. पुढे कितीतरी दिवस त्यांनी तिला शिवूनही पाहिलं नाही. शिवले तेव्हा हात खालून, छातीशी नेला.

याच दिवसांत संपत कुंपणाशी रेंगाळू लागला. गुरुजी त्याला बघायचे. सतराचा पाढा जिभेवर यायचा आणि ते तो गिळायचे. वर्गातली मागच्या बाकावरची कितीतरी तोंडं त्यांना त्या वेळी आठवत असणार. एके दिवशी त्यांनी पोत्याची एक बाजू रिकामी केली आणि कण्यांची वाटी मध्ये सरकवली. थोड्या वेळानं संपत येऊन बसला. त्या दिवशी दोघं काहीच बोलले नाहीत. नंतर तो रोज यायला लागला, शाळेच्या वाटेवरून वाळवीचं ढेकूळ घेऊन. वाळवी म्हणजे तलंगांची मेजवानी. महिन्याभरात त्या संपतच्या मांडीवर चढू लागल्या.

उन्हाळा लागला तशी पलीकडच्या वाडीत मानमोडी आल्याची बातमी आली. मानमोडी म्हणजे राणीखेत. या रोगावर औषध नाही, पण आधी टोचलेली लस कोंबडीला वाचवते. पशुधन पर्यवेक्षक बर्फाच्या डब्यात लस घेऊन सकाळी नऊला वाडीत पोचले. निरोप उशिरा आला होता, तोवर घरोघरच्या कोंबड्या रानात पांगल्या होत्या. ही लस एकदा पाण्यात मिसळली की तास-दोन तासांत संपवावी लागते, उन्हात तर ती लवकर निकामी होते. वाडीभर धावपळ सुरू झाली. माणसं काठ्या घेऊन कोंबड्यांमागे लागली आणि कोंबड्या छपरांवर चढल्या.

गुरुजी आणि संपत परसात खाली बसले. "आ... आ... आ..." सहाही तलंगा आल्या. त्यांच्यामागोमाग अनुसाक्कांच्या कोंबड्याही आल्या, कारण वेगळं ठेवण्याचे दिवस संपल्यावर त्याही याच दाण्याला सोकावल्या होत्या. संपत एकेक कोंबडी छातीशी धरून पुढे करत होता आणि पर्यवेक्षक पंखाशी सुई टोचत होते.

"किती झाल्या रे बाळ?" त्यांनी विचारलं.

"सहा गुरुजींच्या, अकरा आक्कांच्या. सतरा," संपत खणखणीत म्हणाला. पर्यवेक्षकांनी वहीत आकडा लिहिला. ओट्यावर बसलेल्या त्याच्या आईनं पदर डोळ्यांना लावला, कारण परक्या माणसापुढे तिच्या पोराचा आवाज तिनं पहिल्यांदाच ऐकला होता.

पुढच्या पंधरवड्यात मानमोडी या वाडीतही आली. ज्या कोंबड्या छपरावरून खाली आल्या नव्हत्या, त्यांतल्या बऱ्याच दगावल्या. टोचलेल्या सतराही वाचल्या. करडी आता अंडी घालते. संपत अजून रोज संध्याकाळी येऊन बसतो. पाढ्यांचा विषय गुरुजींनी काढलेला नाही. सतराचा पाढा त्यानं परवा आपणहून म्हटला.