नाव ठाऊक, ठिकाण ठाऊक नाही

तळोद्याच्या उत्तरेला सातपुडा सुरू होतो. जुन्या खानदेशात सरकारचा अंमलही साधारण तिथेच संपायचा. १८१८ साली पेशवाई बुडाली, मुलूख कंपनी सरकारकडे आला, कॅप्टन ब्रिग्ज कारभार पाहू लागला आणि पहिलं वर्ष सरायच्या आत त्याची गाठ भिल्ल नाईकांशी पडली. घाटवाटा राखायच्या, गावाची राखण करायची आणि त्याबदल्यात गावाकडून हक्क घ्यायचा, ही नाईकांची जुनी रीत. होळकरांच्या स्वाऱ्या आणि १८०३-०४ चा दुष्काळ यांत ती मोडली. राखण गेली, हक्काची मागणी तेवढी उरली. हक्क मिळाला नाही की गुरं वळवून न्यायची, गाव लुटायचं. सरकारने पलटणी पाठवल्या, काहींना फासावर चढवलं. तेवढ्याने डोंगर काही शांत झाला नाही.

यातली एक गोष्ट आज मुद्दाम पाहावी अशी आहे. हे कोण करतंय, हे सरकारला पक्कं ठाऊक होतं. नाईक स्वतःच्या नावाने, उघड मागणी करत होता. प्रश्न एवढाच होता, की तो आज कोणत्या खोऱ्यात आहे?

१८२५ मध्ये एल्फिन्स्टनच्या मुंबई सरकारने रीत बदलली. खानदेशात तीन भिल्ल एजन्सी काढल्या. त्यांतली वायव्येकडची कुकरमुंड्याला होती. हे गाव तळोद्याच्या शेजारचं, आता गुजरातेत. बाविशीतल्या जेम्स आउट्रमला भिल्लांचीच पलटण उभी करायला सांगितलं. तो त्यांच्याबरोबर वाघाच्या शिकारीला गेला, त्यांच्यात बसला-उठला. आधी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके लोक आले, मग शेकड्यांनी. शरण येणाऱ्याला मागचं माफ, शेतीसाठी तगाई, नाईकाला तनखा. यात दयाबुद्धी किती होती, याबद्दल मला शंकाच आहे. मोहिमेपेक्षा हे स्वस्त पडत होतं. शिवाय दुसऱ्या हाताने त्याच सरकारने १८२७ चा पंचविसावा रेग्युलेशन करून ठेवला होता: खटला न चालवता माणूस कैदेत ठेवता येईल.

हा रेग्युलेशन किती टिकाऊ निघाला पाहा. २२ जून १८९७ ला पुण्यात चाफेकरांनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली आणि त्यानंतर नातू बंधूंना सरकारने याच रेग्युलेशनखाली उचललं. आरोपपत्र नाही, सुनावणी नाही. तोवर हिंसेची तऱ्हा बदलली होती. गाव लुटायचं नव्हतं, नेमका एक अधिकारी मारायचा होता. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरेने कलेक्टर जॅक्सनला मारलं, तेही लंडनहून आलेल्या ब्राउनिंग पिस्तुलाने. तो जागीच पकडला गेला. म्हणजे नाव अजूनही लपलेलं नव्हतं.

संशयाचं जाळं मात्र रुंद होत गेलं. १९३०च्या दशकात तळोदा तालुक्यातल्या मोरवडला गुलाम महाराजांच्या आरतीला आदिवासी हजारोंनी जमू लागले. ते काय करत होते? दारू सोडत होते, एकमेकांना ‘आप’ म्हणत होते. १९३८ मध्ये महाराज वारले, पण गर्दी ओसरली नाही. सरकारने त्यांचे बंधू रामदास महाराज यांना जिल्ह्याबाहेर घालवलं. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं, तेव्हा मला मोरवडची आठवण झाली. संघटना बेकायदा ठरवण्याचा अधिकार हाती आला, की आरतीची गर्दी आणि कटाची गर्दी यांतला फरक शेवटी एखाद्या अधिकाऱ्याच्या नजरेवर उरतो.

खरी उलथापालथ झाली १२ मार्च १९९३ ला. मुंबईत बारा स्फोट, २५७ मृत्यू. मरणारे कोण, याच्याशी मारणाऱ्याला देणंघेणंच नव्हतं. आरडीएक्स रायगडच्या किनाऱ्यावर उतरलं आणि वाटेतले सरकारी लोक पैसे घेऊन गप्प बसले. तिथे कायदा अपुरा नव्हता, दहशतवादविरोधी टाडा होताच. पुढे टाडा गेला, मकोका आला, पोटा आला नि गेला, आणि १९६७ चा यूएपीए दुरुस्त्यांवर दुरुस्त्या होत जाड होत गेला. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरच्या हल्ल्यानंतर एनआयए ही राष्ट्रीय तपास यंत्रणा आली. २०१९ पासून संघटनाच नव्हे, एकट्या माणसालाही दहशतवादी घोषित करता येतं.

आणि तरीही ११ जुलै २००६ चे मुंबईच्या लोकलमधले स्फोट घ्या. कुकरच्या बॉम्बने सात डब्यांत १८० हून अधिक माणसं गेली. मकोकाखाली वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब पुरावा ठरतो. त्यावर मोठी भिस्त ठेवून विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये बारा जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी. २१ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयाने बाराही शिक्षा रद्द केल्या. हा निकाल दाखला म्हणून वापरू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने लगेच बजावलं. मालेगावात २००६ च्या स्फोटांसाठी पकडलेले मुस्लिम आरोपी २०१६ मध्ये आरोपमुक्त झाले. तिथल्याच २००८ च्या स्फोटातले सातही आरोपी ३१ जुलै २०२५ ला सुटले.

आता चित्र पार उलटं झालंय. फोन कॉलच्या नोंदी (सीडीआर), मोबाइल टॉवरच्या नोंदी (टॉवर डम्प), कॅमेरे: कोणता फोन किती वाजता कुठे होता, हे सरकार सांगू शकतं. केलं कोणी, हे मात्र न्यायालयात टिकेल असं सांगता येत नाही. ती पोकळी कबुलीजबाबाने आणि जामीन न देणाऱ्या कलमाने भरली जाते. निर्दोष माणूस आत सडतो हा त्यातला अर्धा अन्याय. उरलेला अर्धा असा, की खरा करणारा मोकळा फिरतो आणि मेलेल्यांच्या घरच्यांना वीस वर्षांनीही उत्तर मिळत नाही.

जिथे यश आलं तिथली पद्धत आउट्रमचीच दिसते. गडचिरोलीत माओवाद्यांविरुद्ध १९९० साली उभं राहिलेलं सी-६० हे तिथल्याच, गोंडी-माडिया बोलणाऱ्या पोरांचं पथक. जंगल त्यांच्या पायाखालचं, घराघरात नाती. सोबत आत्मसमर्पणाची योजना. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा बडा नेता भूपती साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं टाकून उभा राहिला.

पण या पद्धतीला खाजा नाईकाची दुसरी बाजू आहे, ती गडचिरोलीच्या विजयसभांत कोणी काढत नाही. सेंधव्याचा घाट राखणारा हा सरकारी नोकर. पकडलेल्या एका माणसाच्या मृत्यूवरून तो तुरुंगात गेला, नोकरी गेली. १८५७ मध्ये गरज पडली तशी सरकारने त्याला परत बोलावलं. काही महिन्यांतच त्याने बंड केलं आणि सरकारी खजिना लुटला. घाटाची प्रत्येक वाट त्याने पगार घेऊन पाठ केली होती. एप्रिल १८५८ मध्ये आंबापाणीला लढाई झाली, माणसं पडली, बायकापोरं पकडली गेली. खाजा मात्र निसटला.