गीत रचणाऱ्याचें कीं गाणाऱ्याचें?

एखादा मनुष्य आपल्या स्वतःच्या दुःखांतून गीत रचतो आणि प्रथम आपणच तें गातो. पुढें तेंच गीत शेंकडों मंडळ्यांत गायिलें जाऊं लागतें. तर मग त्या गीताचा खरा अर्थ कोणता? रचणाऱ्याच्या मनांत होता तो, कीं गाणाऱ्याच्या मनांत उपजतो तो? हा प्रश्न केवळ विद्वानांचा आहे असें कोणी समजूं नये. ज्या उपदेशकाला उपासनेसाठीं गीत निवडून त्याचा भाव मंडळीस सांगावा लागतो, त्याच्यापुढें तो दर आठवड्यास उभा राहतो. ज्या विधवेच्या शेजारीं नवें जोडपें बसून तेंच गीत गातें, तिच्यापुढेंही तो आहे. दुसऱ्याच्या अश्रूंचे शब्द आपल्या मुखांत घेण्याचा आपणांस अधिकार आहे काय?

एका उदाहरणावरून याचा विचार करूं. अमेरिकेंत थॉमस डॉर्सी नांवाचा एक कृष्णवर्णीय गायक व गीतकार होऊन गेला. त्याचा जन्म १८९९ सालीं जॉर्जिया राज्यांत झाला. बाप उपदेशक होता. परंतु मुलगा तरुणपणीं शिकागो शहरीं गेला आणि ‘ब्लूज’ नांवाचीं ऐहिक गाणीं रचून व पियानो वाजवून पोट भरूं लागला. ‘जॉर्जिया टॉम’ या नांवानें त्याची ख्याति झाली, आणि त्याचीं कांहीं गाणीं भाविक लोकांस न रुचणारीं होतीं. पुढें त्याचें मन भक्तिगीतांकडे वळलें. १९३२ च्या ऑगस्ट महिन्यांत तो सेंट लुई येथें सभेंत गाण्यासाठीं गेला असतां, घरीं त्याची पत्नी नेटी प्रसूतींत वारली अशी तार त्याच्या हातीं पडली. मुलगा जन्मला होता. तोही लवकरच गेला. मायलेकरांस त्यानें एकाच पेटींत मूठमाती दिली. देवानें आपणावर अन्याय केला, आतां त्याच्यासाठीं गीत रचावयाचें नाहीं, असें त्या वेळीं आपणांस वाटलें, हें त्यानेंच पुढें सांगितलें आहे. तरी थोड्याच दिवसांनीं पियानोपाशीं बसला असतां त्याच्या अंतःकरणांतून जें गीत निघालें, तें ‘प्रेशस लॉर्ड’, म्हणजे ‘मोलवान प्रभु’, या नांवानें जगभर गेलें.

आतां त्या गीतांत काय आहे तें पाहा. त्यांत नेटीचें नांव नाहीं. बाळाचा उल्लेख नाहीं. तार नाहीं, पेटी नाहीं. थकलेला व दुर्बळ झालेला एक मनुष्य वादळांतून आणि अंधारांतून चालला आहे, आणि प्रभूनें हात धरून आपणांस घरीं न्यावें एवढेंच तो मागतो. डॉर्सीला आपल्या घराची सारी हकीकत गीतांत घालतां आली नसती काय? अवश्य आली असती; ब्लूज गाण्यांत घरचीं सुखदुःखें उघडपणें मांडण्याची रीतच होती. परंतु ती त्यानें बाहेर ठेविली. जें सर्वांच्या उपयोगीं पडेल तें त्यानें दिलें, आणि जें केवळ आपलें होतें तें आपल्यापाशीं व देवापाशीं राखलें. अर्थ लावणाऱ्यानें प्रथम ही मर्यादा ओळखली पाहिजे.

ती न ओळखणारे लोक दोन प्रकारचे असतात. पहिले, चोराचा माग काढावा तसे गीताच्या मागें लागतात. हा शब्द कोणत्या दिवशींचा, हा उसासा कोणत्या पापाबद्दलचा, असें तें शोधणें असतें. डॉर्सीविषयीं असा मनुष्य म्हणेल, “हा पूर्वीं हलकीं गाणीं गात असे, म्हणून देवानें त्यास हा तडाखा दिला, गीतांतील अंधार म्हणजे त्याचें तेंच पाप.” गीतांत तर असें एक अक्षरही नाहीं. ईयोबाच्या मित्रांनीं हेंच केलें. तो राखेंत बसून विलाप करीत होता, आणि ते त्या विलापांतून त्याचा अपराध वेंचीत होते. शेवटीं देवाचा कोप झाला तो त्या मित्रांवर झाला. आपल्या गांवांतही एखाद्या बाईनें दुःखाचें गीत धरलें कीं, तिच्या घरीं काय घडलें असावें याची कुजबुज शेवटच्या कडव्यापूर्वींच सुरू होते. ती कुजबुज तिच्या कानीं गेली तर ती बाई पुन्हां तोंड उघडील काय?

दुसऱ्या प्रकारचे लोक म्हणतात, “गीत एकदां लोकांत आलें म्हणजे रचणाऱ्याचा त्याशीं संबंध सुटला, ज्याला जो वाटेल तो त्याचा अर्थ.” हें म्हणणें उदार दिसतें, परंतु खरें नाहीं. हात धरून ने, अशी दीनपणें विनवणी करणारे शब्द घेऊन कोणी भाऊबंदांवर जमिनीच्या दाव्यांत मिळविलेल्या जयाचा उत्सव करूं लागला, तर त्यानें त्या शब्दांचा अर्थ केला असें आपण म्हणूं काय? त्यानें ते शब्द लुबाडले.

या दोहोंमधली वाट पवित्र शास्त्रांतच आहे. एक्कावन्नाव्या स्तोत्राचा मथळा सांगतो कीं, दावीद बथशेबेकडे गेल्यानंतर नाथान संदेष्टा त्याच्याकडे आला, त्या वेळचें हें स्तोत्र. परंतु खुद्द स्तोत्रांत ना बथशेबेचें नांव, ना उरीयाचें. मथळ्यावरून कळतें कीं हे शब्द सहज सुचलेले नाहींत, त्यांसाठीं एका मनुष्याचें हृदय भग्न झालें. आणि नांवें गाळलेलीं असल्यामुळें प्रत्येक पापी मनुष्याला त्यांत उभें राहण्यास जागा मिळते. शेवटच्या वचनांत तर यरुशलेमेच्या कोटासाठीं प्रार्थना आहे; एकाच्या पश्चात्तापांत सारें नगर आलें.

आपल्या आया व आज्या हें न शिकवितां जाणत होत्या. गिरण्या येण्यापूर्वीं पहाटे जात्याशीं बसून एखादी सासुरवाशीण माहेराची किंवा गेलेल्या लेकराची ओवी म्हणे. ती ओवी शेजारणीकडे जाई, तेथून लेकीबरोबर दुसऱ्या गांवीं जाई. नवी म्हणणारी त्यांत आपल्या भावाचें नांव घाली. ओवी तीच राही. तसेंच डॉर्सीच्या गीतांतही दुसऱ्यांचा हात होता. चाल एकोणिसाव्या शतकांतील एका भक्तिगीतावरून घेतलेली होती. आणि प्रभूला ‘धन्य’ न म्हणतां ‘मोलवान’ म्हण, असें थिओडोर फ्राय या मित्रानें सुचविलें, असें डॉर्सी सांगत असे.

पुढें या गीताचें काय झालें? १९६८ सालीं मेम्फिस शहरांत सफाई कामगारांचा संप चालू होता, आणि त्यांस साहाय्य करण्यासाठीं मार्टिन ल्यूथर किंग तेथें आले होते. ४ एप्रिलच्या संध्याकाळीं, रात्रीच्या सभेंत हेंच गीत वाजवावें असें त्यांनीं एका वादकास सांगितलें, आणि क्षणांतच त्यांस गोळी लागली. ९ तारखेस त्यांच्या अंत्यविधीच्या दिवशीं महेलिया जॅक्सन या गायिकेनें तें गायिलें. किंग यांचें दुःख डॉर्सीचें नव्हतें. त्यांच्यापुढें साऱ्या लोकांवरील जुलुमाचा अंधार होता. तरी त्यांनीं गीताचा अर्थ बिघडविला नाहीं. तेही थकलेले होते, आणि त्यांसही हात हवा होता. शब्दांनीं जें दार ठेविलें होतें, त्यांतूनच ते आंत गेले.

मग ज्याला अजून दुःख ठाऊक नाहीं त्या नव्या जोडप्यानें काय करावें? त्यांनीं गावें. रडणाऱ्यांबरोबर रडावें असें पौलानें रोमकरांस लिहिलें, तें काय केवळ ज्यांचें स्वतःचें कोणी मेलें आहे त्यांच्याकरितां? मधल्या कडव्यांत विधवेचा कंठ दाटून येतो, तेव्हां तें कडवें दुसऱ्यांनीं पुढें न्यावें लागतें. मात्र आपण कोणाचें ओझें उचलीत आहों हें जाणून त्यांनीं तें न्यावें.

म्हणून उपदेशक बंधूंनो, गीताचा भाव सांगतांना रचणाऱ्याची हकीकत मथळ्याइतकीच सांगा. नंतर शब्दांकडे वळा आणि तें गीत काय मागतें हें मंडळीस विचारा. आणि गातांना कोणाचे डोळे भरून आले, तर त्याचें कारण विचारण्याची घाई करूं नका. उपासना झाल्यावर त्याच्याबरोबर घरापर्यंत चालत जा. सांगावेंसें वाटलें तर तो आपण होऊन सांगेल.