राखीव निधी

माणूस खोटं का बोलतो, या विषयावर थोरामोठ्यांनी पुष्कळ लिहून ठेवलं आहे. पण माणसाचे पाय खोटं बोलतात का, या प्रश्नाकडे आपल्या तत्त्वचिंतकांचं साफ दुर्लक्ष झालेलं आहे. ही मंडळी बसून चिंतन करतात, त्यामुळे पायांशी त्यांचा फारसा संबंध येत नसावा.

हा प्रश्न माझ्या मागे लावून दिला तो आमच्या शाखेतल्या एका सहकाऱ्यानं. त्याला आम्ही लोहपुरुष म्हणतो. (शाखेत दुसरी पोलादी वस्तू म्हणजे स्ट्राँगरूमचं दार. पण ते पोहत नाही.) हा गृहस्थ ट्रायथलॉन करतो. म्हणजे आधी पोहायचं, मग ओल्या अंगानं सायकलवर बसायचं, आणि सायकलवरून उतरल्यावर जिथे तुम्हीआम्ही उसाचा रस मागवू तिथून धावत सुटायचं. 2019 साली ‘आयर्नमॅन 70.3’ ही शर्यत भारतात पहिल्यांदा झाली, ती गोव्यात. तेव्हापासून हे वारं त्याच्या अंगात शिरलं. 1.9 किलोमीटर समुद्रात पोहणं, 90 किलोमीटर सायकल आणि 21.1 किलोमीटर धावणं. तिन्हींची मैलांत बेरीज केली की 70.3 येते, म्हणून ते नाव. माणसाला दमवण्याचा हिशेब दशांशचिन्हापर्यंत चोख ठेवणाऱ्या लोकांबद्दल मला एक बी.कॉम. म्हणून आदर आहे.

तर या लोहपुरुषाचा सराव मी सहा महिने पाहिला. पहाटे सायकल घेऊन निघायचा तो ताशी पंचवीस-सव्वीस किलोमीटरच्या वर जायचा नाही. रविवारी धावून आला की सोमवारी काउंटरवर असा बसायचा, की लोकांनी पासबुकाऐवजी हार आणावा. “याच्यापेक्षा जास्त शक्यच नाही रे. पाय संपतात,” असं तो शपथेवर सांगायचा. मग गोव्याला गेला आणि समुद्रातून निघून सायकल मारली ताशी एकतीसच्या वेगानं! वर तेच संपलेले पाय घेऊन भर उन्हात सरावापेक्षा जोरात धावला.

शाखेत पेढे वाटले. लोहपुरुषाच्या घरी मात्र वेगळाच सवाल उभा राहिला. वहिनी म्हणाल्या, “म्हणजे इथे कोपऱ्यावरून दळण आणायला सांगितलं की तुमचे पाय दुखतात, ते खोटं.”

वहिनींनी ज्या सहजतेनं हा प्रश्न टाकला, त्या सहजतेनं तो सुटणारा नाही. ही शक्ती अंगात होतीच, तर सहा महिने कुठे होती? आणि नव्हती, तर त्या दिवशी आली कुठून? सरावातला लोहपुरुष खरा की शर्यतीतला? पहिला खरा, तर दुसऱ्यानं पेढे कसले वाटले? दुसरा खरा, तर पहिला सहा महिने कामचुकारपणा करत होता असं म्हणायचं का?

हा सवाल फार जुना आहे. 1898 साली अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात नॉर्मन ट्रिप्लेट नावाचे एक गृहस्थ सायकलशर्यतींचे आकडे तपासत बसले होते. (आकडे तपासत बसणारा कुणीही भेटला की मला आपला माणूस भेटल्यासारखं वाटतं.) त्यांना दिसलं की एकटा सायकलवाला घड्याळाशी जितका जोरात लढतो, त्याहून कितीतरी जोरात तो शेजारच्या सायकलवाल्याशी लढतो. मग त्यांनी चाळीस मुलांना मासेमारीच्या गळाची रिळं फिरवायला बसवलं, आधी एकेकटं आणि मग जोडीजोडीनं. साधारण निम्म्या मुलांचा वेग जोडीदार आल्यावर वाढला. पाव मुलांना काहीच फरक पडला नाही. उरलेली पाव मुलं इतकी चेकाळली की वेग कमीच झाला. आमच्या शाखेत इन्स्पेक्शन येतं तेव्हा स्टाफची विभागणी थेट याच प्रमाणात होते.

पुढे 1969 साली रॉबर्ट झायन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञानं हाच प्रयोग झुरळांवर केला. झुरळांसाठी सरळ धावपट्टी बांधली, एका टोकाला प्रखर दिवा लावला, आणि दोन्ही बाजूंना काचेसारख्या पेट्यांत प्रेक्षक म्हणून दुसरी झुरळं बसवली. प्रेक्षक असले की धावणारं झुरळ जास्त जोरात धावतं, असं निघालं. म्हणजे ‘लोक काय म्हणतील’ ही काळजी झुरळालाही आहे. मात्र सरळ पट्टीऐवजी वळणाचा रस्ता दिला, तर प्रेक्षकांसमोर तेच झुरळ गांगरून जास्त वेळ लावतं. जे अंगवळणी पडलेलं आहे ते चार डोळ्यांसमोर अधिक चांगलं होतं, आणि जे पडलेलं नाही ते अधिक बिघडतं, असा त्याचा अर्थ लावतात.

इथे सरावाची थोडी अब्रू राखली जाते. पण वहिनींच्या सवालाला हे उत्तर नव्हे.

थोडं जवळ जाणारं उत्तर दक्षिण आफ्रिकेतले टिम नोक्स यांनी दिलं आहे, आणि ते ऐकून मी खुर्चीतून उठलोच. नोक्स म्हणतात, थकवा पायांत नसतो, मेंदूत असतो. शरीर खरोखर संपायच्या कितीतरी आधी मेंदू ‘संपलं, संपलं’ अशी हाकाटी करून माणसाला थांबवतो. मागे शिल्लक राखून ठेवतो. हे काम करणाऱ्या मेंदूतल्या यंत्रणेला त्यांनी नाव दिलं आहे ‘सेंट्रल गव्हर्नर’. आता बँकेतल्या माणसाला याहून अधिक काय समजावून सांगायचं? आमच्या प्रत्येक ठेवीतला ठरावीक भाग रिझर्व्ह बँकेकडे ठेवावा लागतो आणि त्याला हात लावता येत नाही. म्हणून बँक गरीब आहे किंवा खोटारडी आहे असं कुणी म्हणत नाही. सगळ्या शास्त्रज्ञांना नोक्स यांचं म्हणणं मान्य नाही. पण शर्यतीची शेवटची कमान दिसल्यावर मेल्यासारखा चालणारा माणूस एकदम पळत सुटतो, हे आपण सगळ्यांनीच पाहिलेलं आहे. सगळं संपलं होतं, तर हे पैसे कुठल्या खात्यातून आले?

गव्हर्नरचा हुकूम मोडला की काय होतं, तेही पाहण्यासारखं आहे. 1982 च्या फेब्रुवारीत हवाईच्या आयर्नमॅनमध्ये ज्युली मॉस नावाची कॉलेजची विद्यार्थिनी उतरली होती. ती गेली होती आपल्या प्रबंधाला माहिती मिळावी म्हणून! पण बायकांत पहिली आली की हो धावत. अंतिम रेषा दिसायला लागली आणि तिचे पाय गेले. पडली, उठली, पुन्हा पडली. रेषेपासून हाकेच्या अंतरावर कॅथलीन मॅकार्टनी तिच्या बाजूनं पुढे निघून गेली आणि जिंकली. ज्युली मॉस रांगत रांगत रेषेपर्यंत गेली. दोघींत अंतर पडलं 29 सेकंदांचं. टेलिव्हिजनवर ते दृश्य पाहून पुढे कितीतरी लोक या खेळात आले.

मला त्या दृश्यात एकच गोष्ट दिसते. सरावात कुणी रांगत नाही. सरावात पाय गेले तर माणूस रस्त्याच्या कडेला बसतो, पाणी पितो आणि रिक्षा बोलावतो. मग ते रांगणं तिचं एकटीचं होतं, की कडेला उभं राहून ओरडणाऱ्या शेकडो लोकांचा त्यात वाटा होता?

हा सवाल मी हवाईत शोधायला गेलो, असं कुणाला वाटेल. मी तो आमच्या काउंटरवर पाहिलेला आहे. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्याचं जाहीर झालं. 9 तारखेला बँका बंद होत्या. 10 तारखेला शटर वर केलं तेव्हा रांग रस्त्याच्या वळणापलीकडे गेलेली होती. आमचे हेडकॅशियर म्हणजे एरवी दहाच्या नोटांचं बंडल मागितलं तर “दुपारनंतर या” म्हणणारे गृहस्थ. ते त्या दिवशी सकाळी जे बसले ते जेवायला उठले नाहीत. त्यांची बोटं पाहत राहावीत अशी चालत होती. मशीन गरम होऊन थांबलं, हे थांबले नाहीत. आणि नुकताच लागलेला एक मुलगा, हुशार, कॉम्प्युटरवर आम्हा सगळ्यांचा गुरू, तो त्या रांगेच्या नजरेसमोर एकच गड्डी चार वेळा मोजत होता आणि चारही वेळा वेगळी मोजत होता. झुरळांचा सरळ रस्ता आणि वळणाचा रस्ता एकाच काउंटरवर मांडून ठेवलेला होता.

शनिवार-रविवारही बँका उघड्या राहिल्या. रात्री अकरा वाजता जुळणी व्हायची. काचेपलीकडे कुणाच्या मुलीचं लग्न होतं, कुणाचा नवरा दवाखान्यात होता. चार हजार बदलून घ्यायला चार तास उभी राहिलेली एक म्हातारी पैसे घेऊन जाताना मला म्हणाली, “तू जेवलास का रे?” त्यानंतर आणखी दोन तास मी कसा बसलो ते मला सांगता येणार नाही. पण ते दोन तास माझ्या खात्यातले नव्हते. ते तिनं भरले होते.

30 डिसेंबरला ती शर्यत संपली. जानेवारीत शाखेतले निम्मे लोक आजारी पडले. आणि फेब्रुवारीतल्या मीटिंगमध्ये एका साहेबांनी आम्हाला विचारलं, “नोव्हेंबरमध्ये एवढं काम होत होतं, मग आता का होत नाही? म्हणजे क्षमता आहे, इच्छा नाही.”

वहिनींचाच सवाल, फक्त टाय लावलेला.

तेव्हा कुणी काही बोललं नाही. हेडकॅशियरांनी पेनाचं टोपण उघडलं आणि बंद केलं. पण मला वाटतं, त्या सवालात हिशेबाचीच गफलत आहे. राखीव निधी म्हणजे पडून राहिलेला पैसा नव्हे. तो पडून आहे म्हणूनच बाकीचे व्यवहार चालतात. जगातले उत्तमोत्तम धावपटू आणि सायकलपटूसुद्धा आपला सुमारे ऐंशी टक्के सराव गप्पा मारता येतील इतक्या सावकाश करतात, असं स्टीफन सायलर या संशोधकानं दाखवलेलं आहे. रोज शंभर टक्के द्या म्हणून व्याख्यानं देणारे लोक असतात. त्यांच्यापैकी कुणी रोज 113 किलोमीटर जात असेल असं वाटत नाही. आणि दुसरं म्हणजे, शर्यतीच्या दिवशीची रक्कम जॉइंट खात्यातली असते. रांग उभी करा, ती म्हातारी उभी करा, मग आमच्या बोटांकडे पाहा. रिकाम्या हॉलमध्ये एसीच्या आवाजात त्याच बोटांकडे तेच मागणं म्हणजे दुसऱ्याच्या सहीशिवाय चेक वटवायला सांगणं.

अर्थात या युक्तिवादाचा फायदा घेणारेही आहेत, हे बँकेत राहून कसं नाकारू? आमच्याकडे काही जणांकडे निव्वळ राखीव निधीच आहे. चालू खात्यात कधी काही दिसलेलं नाही. ‘वेळ येईल तेव्हा दाखवीन’ असं म्हणत ते रिटायरमेंटला आले. नोव्हेंबर 2016 मध्ये त्यांतले दोघं मेडिकल लीव्हवर होते. दळण आणायचं टाळणारे पाय आणि शक्ती राखणारे पाय बाहेरून अगदी सारखे दिसतात, ही खरी पंचाईत आहे. ओळखायचे कसे, तर शर्यत येईपर्यंत थांबायचं. पण घरातल्या दळणाची शर्यत कधी येतच नाही. तिथे कमान नाही, टाळ्या नाहीत, पेढे नाहीत, आणि वहिनी गेली अठरा वर्षं ते आणताहेत. त्यांच्या खात्यात कोण भरतं, हे लोहपुरुषानं कधी विचारल्याचं मला आठवत नाही. मी माझ्या घरी विचारलं. “आज बरं नाही का तुम्हाला?” असं उत्तर मिळालं.

गेल्या महिन्यात मी लोहपुरुषाबरोबर स्कूटरवरून खडकवासल्याच्या पुढे गेलो होतो. त्याचा सावकाश जाण्याचा दिवस होता. छातीचे ठोके ठरलेल्या आकड्याच्या वर गेले की मनगटावरचं घड्याळ ओरडायचं आणि तो वेग कमी करायचा. चढ लागला. तेवढ्यात मागून एक आजोबा आले. धोतर, काळी जुनी सायकल, कॅरिअरला गवताचा भारा. आमच्याकडे न बघता, पायडल मारत, ते पुढे निघून गेले.

लोहपुरुषानं अर्धा मिनिट सहन केलं. मग दात आवळले आणि सुटला. घड्याळ ओरडत राहिलं. आजोबांना त्यानं गाठलं, मागे टाकलं आणि चढाच्या माथ्यावर जाऊन हँडलवर मान टाकून धापा टाकत उभा राहिला. मी स्कूटर लावली. थोड्या वेळानं आजोबा त्यांच्या त्याच चालीनं वर आले. लोहपुरुषाकडे पाहून त्यांनी पाय टेकला, मागच्या रस्त्याकडे एकदा वळून पाहिलं आणि काळजीनं विचारलं,

“काय वो, काय मागं लागलं व्हतं का?”