बोहारीण ‘नको’ म्हणते तेव्हा

25 मार्च 2020 ला देशभर लॉकडाऊन लागला आणि घराघरांतली कपाटं उघडली. हाताशी वेळ होता. माळ्यावरच्या पेट्या खाली आल्या, ‘ठेवायचं’ आणि ‘काढायचं’ असे दोन ढीग झाले. पहिला परत कपाटात गेला. दुसरा पिशव्यांत भरून दाराशी बसून राहिला, कारण तो जिथे जायचा ती सगळी ठिकाणं बंद होती. कपडे गोळा करणाऱ्या संस्था बंद, रद्दीवाला बंद, आणि दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचीही भीती.

लॉकडाऊन संपला, तरी असा ढीग अधूनमधून दाराशी येतोच. कुठल्या तरी संस्थेचं गोदाम भरलेलं असतं, ‘सध्या कपडे स्वीकारत नाही’ असा मेसेज येतो, आणि आपल्याला रविवारपर्यंत भाड्याचा फ्लॅट रिकामा करून द्यायचा असतो. हा सोयीचा प्रश्न दिसतो, पण त्यात नीतीचा प्रश्न दडलाय. केंद्र चालू असलं की आपण पिशवी देतो आणि मोकळे होतो. घेणारा कोण, त्याला ती वस्तू हवी होती का, हे विचारायची वेळच येत नाही. केंद्र बंद झालं की पहिल्यांदा आपल्यालाच ते विचारावं लागतं.

मारी कोंडो या जपानी बाईंनी जगभर लोकांना एक प्रश्न शिकवला, ही वस्तू तुम्हाला आनंद देते का? चांगला प्रश्न आहे, पण तो आपल्या उंबऱ्याशीच थांबतो. मला आनंद न देणारा, कॉलर विरलेला शर्ट दुसऱ्याला आनंद देईल, असं आपण परस्पर ठरवून टाकतो.

आपल्याकडे या व्यवहारात एक बाई होती. आईला किंवा आजीला विचारा, बोहारीण आठवेल. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी, दुपारची हाक, मग दारात तासभर घासाघीस. ती साडी उजेडात धरायची, काठ बघायची, पदर उलटा करायची आणि ‘ही नको, विरलीय’ म्हणून बाजूला सारायची. तीन साड्यांवर डबा मिळणार नाही, अजून एक पँट टाका! आपल्या घरच्यांना ती चिकट वाटायची. पण तिला ते कपडे पुढे जुन्या बाजारात विकायचे असायचे, म्हणून नकार देणं तिला भागच होतं. त्या दारात दोन्ही बाजू सारख्याच ताठ होत्या. दानाच्या पिशवीत नेमकं हेच नसतं.

कठोपनिषदाची गोष्ट मुळात अशाच पिशवीवरून सुरू होते. वाजश्रवस यज्ञात सर्वस्व दान करायला निघतो आणि ज्यांचं पाणी पिऊन झालंय, गवत खाऊन झालंय, दूध देऊन संपलंय अशा गाई देतो. आजच्या भाषेत डिक्लटरिंग. पोरगा नचिकेता ते बघतो आणि विचारतो, मला कुणाला देणार? तो पुन्हापुन्हा विचारत राहतो. शेवटी बाप चिडून म्हणतो, मृत्यूला. त्या गाई ज्यांना मिळाल्या ते काय म्हणाले, हे मात्र गोष्टीत कुठे येत नाही.

2004 च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर ते दिसलं. देशभरातून जुने कपडे ट्रक भरभरून गेले, आणि रस्त्याच्या कडेला त्यांचे ढीग लागले. घर वाहून गेलेल्या मच्छीमार बाईनेही कुणाचा उतरलेला ब्लाउज घालायला नकार दिला. त्या वेळी यावर ‘गरज असूनही माज’ असं म्हणणारे लोक होते. मला तो नकार अगदी सरळ वाटतो.

म्हणून बंद केंद्राचा सगळ्यात सोपा पर्याय मला सगळ्यात अवघड वाटतो. तो म्हणजे ‘मावशींना देऊन टाकू’. मावशी दहा बाय बाराच्या खोलीत पाच जणांत राहतात. तुमचा जुना मायक्रोवेव्ह त्या कुठे ठेवणार? पण पगार तुमच्याकडून येतो, दिवाळीचा बोनसही तुमच्याकडून. ‘नको’ म्हटलं तर ताईंना काय वाटेल, याचा हिशेब त्या क्षणात करतात आणि म्हणतात, ‘ठेवा, नेते.’ रिक्षाचे पैसेही त्यांचेच जातात. आपला पसारा आपण त्यांच्या घरात हलवलेला असतो, वर आभारही घेतलेले असतात. रात्री कचराकुंडीजवळ पिशवी ठेवून येण्यात निदान हे नाटक नसतं. तिथे ओझं सकाळी येणाऱ्या कचरावेचक बाईच्या पाठीवर जातं, एवढंच.

मग करायचं काय? आधी फोटो पाठवावा. ‘हे कुणाला हवंय का, नको असेल तर भंगारात देतोय’ असं लिहावं, म्हणजे नकाराची वाट आधीच मोकळी राहते. मिक्सर बिघडलाय तर तसं सांगावं. चांगली वस्तू ओएलएक्सवर थोड्या पैशांत विकण्यात कमीपणा नाही. पैसे देणारा माणूस बोहारणीसारखा उलटसुलट करून बघतो. विरलेल्या सुती कपड्याचं घरीच फडकं होतं. आणि कुणीच ‘हो’ म्हटलं नाही, तर केंद्र उघडेपर्यंत ढीग आपल्याच पलंगाखाली राहू द्यावा. जागा अडेल, पण अडणारी जागा आपली असेल.

गादीचं मात्र कठीण आहे. कापसाची असती तर पिंजाऱ्याने पिंजून नवी करून दिली असती. फोमची गादी भंगारवालासुद्धा बघून पुढे जातो.