सैर आणि इबरत

परभणी जिल्ह्याला समुद्र नाही. आमच्याकडे गोदावरी आहे. ती पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा असे तालुके ओलांडत नांदेडकडे जाते, आणि उन्हाळ्यात तिच्याही पात्रात पाण्यापेक्षा वाळूच जास्त दिसते. आमच्या आजोबांच्या पिढीला समुद्र कळला तो हजच्या निमित्ताने. मुंबईहून जेद्दाला जाणारी जहाजे 1995 पर्यंत चालू होती, आणि गावचा हाजी सगळ्यांकडून कहा-सुना माफ करून घेऊनच घराबाहेर पडे. पुढच्या पिढीला समुद्र म्हणजे आखातातली नोकरी. आता तिसरी पिढी पुण्यात, मुंबईत, दुबईत कमावते आहे आणि तिच्यापुढे समुद्र येतो तो सहलीच्या जाहिरातीतून. भाड्याची यॉट, उष्ण कटिबंधातली बेटे, नारळी, निळे पाणी, आणि सोबत ‘स्पॅनिश वारसा’ म्हणून तटबंदी, तोफा, जुनी चर्चे, दगडी गल्ल्या.

चार पैसे हाती आलेल्या मुलांनी समुद्र पाहावा, याचा आम्हाला आनंदच आहे. सैर करणे काही गुन्हा नाही. पण एक प्रश्न मनातून जात नाही. ज्या तटाच्या पायाशी कुणाची तरी गुलामी आणि कुणाचे तरी रक्त आहे, तो तट पाहून आनंद मानावा काय? आणि मानायचा तर कशाच्या बळावर?

हा ‘वारसा’ आला कुठून, ते थोडे पाहू. 1492 च्या जानेवारीत ग्रॅनडा पडले आणि अंदलुसमधील शेवटचे मुस्लिम राज्य संपले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कोलंबस कॅरिबियन बेटांवर उतरला. तिथले ताइनो लोक सक्तीची मजुरी, कत्तली आणि परक्या रोगांनी दोन-तीन पिढ्यांतच जवळजवळ नाहीसे झाले. त्यांच्या जागी आफ्रिकेतून माणसे साखळदंडात आणली गेली. पलीकडे पूर्वेला, 1571 साली लेगास्पीने मनिला घेतले, तेव्हा तिथे राजा सुलेमान हा मुस्लिम सत्ताधीश होता. दक्षिण फिलिपाइन्समधल्या मुसलमानांना स्पॅनिशांनी ‘मोरो’ म्हटले, म्हणजे आपल्या देशात ज्यांना हरवले त्या मूरांचेच नाव हजारो मैलांवरच्या माणसांना चिकटवले.

हे सारे दूरचे वाटत असेल तर जरा कोकणात उतरू. 1580 ते 1640 ही साठ वर्षे पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या राजाच्याच डोक्यावर होता. म्हणजे त्या काळात गोवा, वसई, चौल येथील पोर्तुगीज ठाणी स्पेनच्याच राजाची होती. चौलसमोर, कुंडलिका नदीच्या मुखाशी कोर्लईचा डोंगर आहे. पोर्तुगीज त्याला ‘मोरो’ म्हणत. हा मोरो वेगळा, त्याचा अर्थ समुद्रात घुसलेला उंचवटा. पोर्तो रिकोतील सान हुआनचा आणि क्युबातील हवानाचा प्रसिद्ध किल्लाही याच नावाने ओळखला जातो. कोर्लईच्या डोंगरावर दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाने ठाणे मजबूत केले होते. 1594 मध्ये पोर्तुगीजांनी हल्ला करून ते जिंकले आणि निजामशाहीची पुष्कळ माणसे मारली गेली.

आता या निजामशाहीचे मूळ कुठले? फरिश्त्याने लिहिले आहे की तिच्या संस्थापकाचा पिता मलिक हसन हा मूळचा ब्राह्मण. तो लहानपणी बहमनी फौजेच्या हाती कैदी म्हणून सापडला आणि मुसलमान म्हणून वाढला. त्याचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी होते. हीच आमच्या परभणी जिल्ह्यातली पाथरी. म्हणजे समुद्र नसलेल्या आमच्या मातीचा एक धागा थेट त्या समुद्रकिनाऱ्यावरच्या डोंगराला जाऊन बांधला गेला आहे.

हज आणि समुद्राचे नातेही त्या काळात निर्वेध नव्हते. हिंदी जहाजांना पोर्तुगीजांचा परवाना घ्यावा लागे. त्या परवान्यावर मरियम आणि येशूची चित्रे असत. असा परवाना घेऊन हजला जावे काय, यावर अकबराच्या काळातील उलेमांत वाद झाला होता. 1613 साली तर जहांगीरच्या आईचे, मरियम-उझ-जमानीचे ‘रहीमी’ हे जहाज पोर्तुगीजांनी सुरतेजवळ परवाना असतानाही पकडून गोव्याला नेले. त्याआधी शंभर वर्षे, 1510 च्या नोव्हेंबरात आल्बुकर्कने आदिलशहाकडून गोवा घेतले तेव्हा शहरातल्या मुसलमानांची कत्तल झाली. त्याने ती आपल्या राजाला स्वतःच पत्राने कळवली आहे.

हे वाचून आमच्या वाचकाच्या मनात राग उठला तर ते स्वाभाविक आहे. काही जण म्हणतील, असल्या जागी पाऊलच ठेवू नये. पण फिरू नका, पाहू नका, अशी शिकवण आम्हाला नाही. पृथ्वीवर फिरून आधीच्यांचा शेवट काय झाला ते पाहण्याविषयी कुरआनात एकाहून अधिक ठिकाणी सांगितले आहे. त्या पाहण्याला आपल्याकडे सुंदर शब्द आहे, इबरत. सैर डोळ्याला सुख देते. इबरत डोळ्यातून आत उतरते आणि पाहणाऱ्यालाच प्रश्न विचारते.

तो प्रश्न आम्हाला जंजिऱ्यापाशी भेटतो. राजपुरीहून शिडाच्या होडीत बसून आमची माणसे मोठ्या हौसेने मुरूडचा जंजिरा पाहायला जातात. कुणाला जिंकता आला नाही, 1948 पर्यंत सिद्दींकडे राहिला, असे सांगताना छाती फुगते. हबशी म्हणून गुलामगिरीत आणल्या गेलेल्या माणसांनी राज्य उभे केले, हा अभिमान खोटाही नाही. पण या बेटावर आधी कोळ्यांचे लाकडी मेढेकोट होते आणि ते राम पाटलाकडून कपटाने घेतले, ही कथाही तिथलीच आहे. ती आम्ही मुलांना सांगतो काय? जुन्या गोव्यात ज्या डोळ्यांत पाणी येते, त्याच डोळ्यांना जंजिऱ्यावर कोळ्यांचे दुःख का दिसू नये? निजामशहांनी वाडवडिलांचे गाव म्हणून वऱ्हाडच्या इमादशहाकडून पाथरी लढून घेतली. ज्या घराण्याच्या मूळपुरुषाने लहानपणी कैद भोगली, त्याच घराण्याने गावप्रेमापायी गावावरच फौज आणली.

इथे कुणी विचारील, शेकडो वर्षांपूर्वीच्या राजांनी केले, त्याचे आम्हाला काय? प्रश्न रास्त आहे. 2025 च्या मार्चमध्ये खुलताबादच्या औरंगजेबाच्या कबरीवरून वाद पेटला आणि नागपुरात दंगल झाली. त्या वेळी आम्ही सगळे हेच म्हणत होतो की तीनशे वर्षांपूर्वीच्या बादशहाचा जाब आजच्या पंक्चरवाल्याला आणि भाजीवाल्याला विचारू नका. हे म्हणणे न्यायाचे होते. पण न्याय एकाच बाजूने चालत नाही. कोर्लई गावात आजही सुमारे हजार माणसे पोर्तुगीज-मराठी मिश्रणातून घडलेली एक बोली बोलतात. तिला ते ‘नो लिंग’, म्हणजे आपली भाषा, म्हणतात. ती माणसे आल्बुकर्कची गुमास्ते नाहीत, याच मातीतली कष्टकरी ख्रिस्ती माणसे आहेत. ‘रहीमी’ पकडल्यावर चिडलेल्या जहांगीरने आग्र्यातील पाद्र्यांचे चर्च बंद करवले. त्या पाद्र्यांनी काही जहाज पकडले नव्हते. रागाला नेहमीच जवळचा माणूस सापडतो.

मग वारशाचा आणि आपला संबंधच नाही, असे म्हणून मोकळे व्हावे काय? तसेही होता येत नाही, कारण अभिमान तर आम्हाला हवा असतो. बीबी का मकबरा आमचा, गोलघुमट आमचा, जंजिरा आमचा. या गाठीवर आपल्याच घरातला एक नियम उपयोगी पडतो. माणूस मेला की त्याचा तरका लगेच वाटला जात नाही. कफन-दफनाचा खर्च निघाल्यावर आधी त्याचे कर्ज फेडायचे, मग वसीयत, आणि उरले तर वारसांचे हिस्से. शिवाय ते कर्ज फेडायचे ते तरक्यातूनच. वारसाच्या स्वतःच्या कमाईवर त्याचा बोजा पडत नाही.

इतिहासालाही हा हिशेब लावून पाहावा, असे आम्हाला वाटते. पूर्वजांचा गुन्हा माझा होत नाही. त्यासाठी माझ्या घरावर दगड मारण्याचा हक्क कुणाला नाही, आणि मलाही दुसऱ्याच्या घरावर नाही. पण पूर्वजांची शान मी वाटून घेणार असेन, तर त्या शानवर असलेले कर्ज आधी फेडले पाहिजे. जेवढा वारसा घेतला, तेवढेच देणे. ज्याला काहीच घ्यायचे नाही, त्याच्यावर काही देणेही नाही. नुसती मालमत्ता आमची आणि कर्ज मात्र परक्याचे, असे चालायचे नाही. हे स्पेनला लागू, पोर्तुगालला लागू, मराठ्यांना लागू, आणि सर्वांआधी आम्हाला लागू.

हे कर्ज पैशाने फिटत नाही. मेलेल्यांना आता आमच्याकडून एकच मिळू शकते, ते म्हणजे खरी आठवण. म्हणून आमच्या मुलांनी खुशाल यॉट भाड्याने घ्यावी, परवडत असेल तर मनिला पाहावे, नाहीतर कोर्लई आणि जंजिरा पाहावा. पाण्यात डुंबावे, फोटो काढावेत, मासळी खावी. मात्र तटावर उभे राहून लेकरांना सांगताना बुरूज कुणी बांधला एवढ्यावर थांबू नये. तो कुणाच्या पाठीवरून वर गेला आणि कुणाच्या जागेवर उभा राहिला, तेही सांगावे. ताइनोंचे नाव घ्यावे, राजा सुलेमानाचे घ्यावे, आणि तितक्याच मोकळेपणाने राम पाटील कोळ्याचेही घ्यावे. शेवटचे नाव घेताना जीभ अडखळली, तर समजावे की आपला हिस्सा आपण कर्ज फेडण्याआधीच उचलला आहे.