सहकारी प्रकाश आणि ज्ञानाचे प्रामाण्य

डोळ्यांनी होणाऱ्या प्रत्यक्ष ज्ञानासाठी न्यायदर्शनात इंद्रिय आणि विषय यांच्या संबंधाबरोबरच प्रकाशाचा संयोगही आवश्यक मानला आहे, आणि मुख्य कारणाला साहाय्य करणाऱ्या अशा कारणाला सहकारी कारण म्हणतात. हा सहकारी तटस्थ असतो की ज्ञानाला वेगळे वळणही देतो, हा प्रश्न इलेक्ट्रॉनिक सर्किट दुरुस्त करणाऱ्या कारागिरापुढे टॉर्च निवडताना अगदी व्यावहारिक रूपात उभा राहतो.

पांढरा एलईडी बहुधा निळ्या एलईडीवर पिवळसर फॉस्फरचा थर देऊन बनवलेला असतो आणि त्याच्या प्रकाशात गडद तांबड्याचा वाटा पुष्कळदा तोकडा पडतो. तपकिरी, काळा आणि तांबडा पट्टा असलेला रेझिस्टर १ किलोओहमचा असतो, तर तिसरा पट्टा नारिंगी असल्यास तोच १० किलोओहमचा ठरतो; त्यामुळे हे दोन रंग एकमेकांत मिसळले की चूक थेट दसपटीची होते. रंग कितपत खरे दिसतील हे सांगणारा सीआरआय हा निर्देशांक ९० च्या वर असला तरी तो ८ फिक्या नमुन्यांची सरासरी असतो आणि गडद तांबड्याचा आर९ हा नमुना तीत धरलेलाच नसतो, म्हणून त्याचा आकडा वेगळा पाहावा लागतो. काविळीने शंख पिवळा दिसतो या शास्त्रकारांच्या ठरलेल्या उदाहरणात दोष द्रष्ट्याच्या शरीरात असतो. इथे डोळा निरोगी, वस्तू जशीच्या तशी आणि दोष मात्र सहकाऱ्यात.

ज्ञानाचा खरेपणा बाहेरच्या गुणांनी ठरतो असे मानणारे परतःप्रामाण्यवादी नैयायिक इथे सरस ठरतात, कारण कारागीर पट्टे वाचूनही मल्टिमीटर लावतोच. मात्र मीटरचा आकडा तो बिनतक्रार स्वीकारतो, आणि ज्ञान बाधित होईपर्यंत स्वतःच प्रमाण असते असे म्हणणाऱ्या मीमांसकांना तेवढी जागा मोकळी राहते.

लांबवर झोत टाकणारा प्रखर टॉर्च वितभर अंतरावर निरुपयोगी असतो, कारण चकचकीत सोल्डरवरून तो डोळ्यांतच परततो. तिथे मंद करता येणारा, पसरट आणि एकसारखा प्रकाश हवा. कपाळावरचा दिवा दोन्ही हात मोकळे ठेवतो, पण त्याचा झोत नजरेच्याच दिशेने पडत असल्याने सावल्या वस्तूंमागे लपतात आणि पिनभोवतीच्या सोल्डरमधली केसासारखी चीर दिसत नाही. छोटा टॉर्च बाजूने, बोर्डाला जवळजवळ टेकवून धरला की तीच चीर काळ्या कड्यासारखी उमटते. त्या काळेपणाला वैशेषिक प्रकाशाचा अभाव म्हणतील आणि भाट्ट मीमांसक अंधार हे स्वतंत्र द्रव्य मानतील. पहिले मत घेतल्यास, चांगला टॉर्च निवडणारा कारागीर त्याच्या प्रकाशाइतकाच त्याचा अभाव कुठे पडेल याचाही विचार करत असतो.